परदेशात जोडीदाराचा वाढदिवस: घरी करावा की बाहेर?

इसारकाठ (म्युनिक):
आमच्या इथल्या मराठी मंडळींत आता ठरूनच गेलंय. बायकोचा किंवा नवऱ्याचा वाढदिवस आला की एखादं भारतीय रेस्टॉरंट गाठायचं, वीसपंचवीस माणसं, बुफे, केक, फोटो, संपलं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. जोडीदाराचा वाढदिवस घरीच व्हावा, आणि त्या दिवशी स्वयंपाकघर दुसऱ्याने सांभाळावं.

एक तर बुफेत जे असतं ते आपलं जेवण नसतं. नान, पनीर, डाळ मखनी. माझ्या बायकोला वाढदिवसाला मसालेभात, कोथिंबीरवडी आणि श्रीखंड-पुरी लागते. ती इथे कुठल्याच हॉटेलात मिळत नाही, ती घरीच करावी लागते.

दुसरं कारण वेळेचं. भारतात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आमच्याकडे हिवाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. म्हणजे माहेरचे फोन एक दिवस आधीच सुरू होतात. आणि खऱ्या वाढदिवसाला आपण संध्याकाळी ऑफिस आटोपून हॉटेलात पोचतो, तोवर तिचे आईवडील झोपलेले असतात. तेच रविवारी दुपारी एकला घरी पानं मांडली तर तिकडे साडेपाच वाजलेले असतात. चहाचे कप हातात घेऊन सासूबाई-सासरे फोनवर समोर असतात, पाटावर बसवून औक्षण होतं, ते त्यांना दिसतं. हे हॉटेलात होणं शक्य नाही.

उंबरठा (बर्लिन):
पूर्ण असहमत. तुम्ही दिवसभर बाहेर असता म्हणून तुम्हाला घराचं अप्रूप आहे.

माझी एक मैत्रीण तिकडे दातांची डॉक्टर होती, स्वतःचा दवाखाना होता. इथे प्रॅक्टिस करायची तर आधी जर्मन, मग वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा, मग पदवीची छाननी, गरज पडली तर ज्ञानाची परीक्षा. त्यात वर्षं जातात. तोवर नवरा कामावर आणि ही दोन खोल्यांत, पुस्तक उघडून. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. अशा बाईला वाढदिवसालाही त्याच दोन खोल्या? तिला छान साडी नेसून कुठेतरी जायचं असतं, जिथे चार लोक तिच्याकडे बघतील, वेटर तिला विचारेल काय हवं. श्रीखंड आदल्या दिवशी खा. त्या दिवशी तिला बाहेर न्या.

पेरूची फोड (न्यू जर्सी):
उंबरठाताई, मी एच-4 वर, म्हणजे इथे कामाच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, इथे आले. 2015 पासून आमच्यातल्या काहींना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्यापर्यंत जावं लागतं. तोवर मीही घरातच होते. तरी माझा अनुभव तुमच्या मैत्रिणीसारखा नाही. बाहेर मी कायम कुणाची तरी बायको होते, गाडीसुद्धा त्याच्याच हातात. घर ही एकच जागा होती जिथे मी बोलावते आणि लोक येतात. माझ्या वाढदिवसाला घर भरलेलं असावं असंच मला वाटायचं. रिकामं घर खायला उठतं, माणसांनी भरलेलं घर नाही.

वेळेबद्दल मात्र इसारकाठ यांचं बरोबर. आमचा फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा. सकाळी आठला औक्षण केलं की तिकडे साडेसहा, दिवेलागण. आम्ही तेच करतो.

तुळशीवृंदावन (पुणे):
औक्षण कोण करतं पण? आमच्याकडे आई, सासू, बहीण, वहिनी, नणंद ओवाळतात. नवऱ्याने बायकोला ओवाळलेलं मी पाहिलेलं नाही. परदेशात गेलो म्हणून रीत बदलायची गरज नाही. शेजारपाजारची एखादी मराठी सुवासिनी बोलवावी.

इसारकाठ:
मीच ओवाळतो. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन, सगळं व्यवस्थित. ओवाळताना आपण तिला आयुष्य मागतो. ते मागण्याचा हक्क मला नसेल तर कुणाला असेल? माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा फोनवर पाहिलं तेव्हा त्यांनीच सांगितलं की दिवा उजवीकडून फिरव.

तुळशीवृंदावन:
सासूबाईंना चाललं, ठीक. पण म्हणून ती सर्वांची रीत होत नाही. मला अजूनही पटत नाही.

डाळतांदूळ (स्टुटगार्ट):
श्रीखंडासाठी चक्का कसा करता? दही टांगून?

इसारकाठ:
टांगत नाही. क्वार्क घ्या, म्हणजे इथे मिळणारं चक्क्यासारखं मऊ ताजं चीज, पाकिटावर 40 टक्के लिहिलेला. कमी स्निग्धांशाचा घेतला तर चव कोरडी लागते. पाणी सुटलं असेल तर तासभर फडक्यात ठेवा, मग साखर, वेलची, केशर.

चौथा मजला (फ्रँकफर्ट):
“नवऱ्याने स्वयंपाक केला” हे वाक्य मी फार ऐकते. स्वयंपाक म्हणजे फक्त गॅससमोर उभं राहणं नाही. रविवारी इथे दुकानं बंद, म्हणजे शनिवारीच सगळं आणायचं. कोथिंबीर आणायची आठवण कोण ठेवतं? कुणाच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही हे कोणाला माहीत असतं? रात्री दहानंतर आवाज चालत नाही, तर पाहुण्यांना हळूच सुचवायचं कुणी? रिकाम्या बाटल्याही रविवारी काच टाकायच्या सार्वजनिक डब्यात टाकता येत नाहीत, त्या सोमवारपर्यंत स्वयंपाकघरात पडून राहतात. नवरा चार पदार्थ करतो, पण डोक्यातलं हे सगळं ओझं वाढदिवसाच्या दिवशीही बाईच वाहते. हॉटेलात निदान ते नसतं. माणूस उठतो आणि घरी येतो.

इसारकाठ:
हे ओझं खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते वीस माणसांच्या समारंभाचं ओझं आहे. मी सहा-आठ जणांचं जेवण म्हणतोय, तेही दुपारचं. यादी मी लिहितो, शनिवारचा बाजार मी करतो. नवऱ्याला शेंगदाण्याचं लक्षात राहत नसेल तर त्याने ते लक्षात ठेवायला शिकावं. त्यासाठी घर सोडून हॉटेलात जाणं मला मान्य नाही.

उंबरठा:
आणि वाढदिवस बुधवारी आला तर? तुमचं दुपारचं जेवण कोण करणार?

इसारकाठ:
बुधवारी सकाळी कामावर निघण्याआधी औक्षण, संध्याकाळी दोघंच तुम्ही म्हणता तसं बाहेर. जेवण त्यानंतरच्या रविवारी. आधीचा रविवार घेऊ नका, जर्मन शेजारी आणि सहकारी येणार असतील तर मुळीच नाही. वाढदिवसाआधी शुभेच्छा देणं इथे अशुभ मानतात.