मदत हवी आहे : कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला जातोय, भरवशाचं सामान कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा जुन्नरचा, सध्या डेन्व्हरला असतो. एप्रिलमध्ये अर्ज केला होता. सोडतीत नाव लागलं आणि पहिल्या रायफल हंगामाचा एल्क या मोठ्या हरणाच्या मादीचा परवाना मिळाला. ऑक्टोबरच्या मध्यावर पाच दिवस, व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनातल्या फ्लॅट टॉप्स भागात. गाडी लावून सहा मैल आत चालायचं आणि साडेदहा हजार फुटांवर तंबू ठोकायचा. सोबत ऑफिसातला एक मित्र आहे. तो वीस वर्षं या डोंगरांत जातोय, माझी मात्र पहिलीच खेप.

आधी एक विनंती. शिकार करावी की करू नये, ही चर्चा इथे नको. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथे दरवर्षी किती परवाने द्यायचे ते राज्याचं वन्यजीव खातं कळपांच्या संख्येवरून ठरवतं. आमच्या घरी मांस खाल्लं जातं. ते ताटात येण्याआधी काय घडतं, ते एकदा तरी स्वतःच्या हाताने करावं असं बरीच वर्षं मनात आहे.

रायफल आणि दुर्बीण मित्राची आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, उन्हाळाभर रेंजवर सराव चालू आहे. त्याबद्दल काही विचारायचं नाही. अडलंय ते बाकीच्या सामानावर.

जीवधन, हरिश्चंद्रगड करताना एक सॅक, एक चादर आणि घरचा डबा एवढ्यावर भागायचं. भिजलो तर खाली येऊन चहा घेतला की झालं. इथे भिजलेला माणूस रात्री थंडीने जाऊ शकतो. गेल्या सप्टेंबरअखेर मुद्दाम त्याच भागात दोन रात्री राहून आलो आणि तीन गोष्टींनी दगा दिला.

पहिली, स्लीपिंग बॅग. पिशवीवर २० फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ सेल्सिअस लिहिलं होतं. पहाटे तंबूबाहेर बाटलीत बर्फ झाला होता आणि मी रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत होतो. दुसरी, बूट. परतीच्या वाटेवर डाव्या बुटाचा तळ पुढून उघडला. तंबूची दोरी गुंडाळून तसाच सहा मैल आलो. तिसरी, गॅस. सकाळी शेगडी नुसती फुरफुरत राहिली, पाण्याला उकळी येईना.

पण या तिन्हींपेक्षा मोठी काळजी मांसाची आहे. मादीसुद्धा दोन-सव्वादोनशे किलोची असते. हाडं काढून टाकली तरी सत्तर किलोच्या आसपास मांस निघतं. चारही पाय, पाठीचे पट्टे आणि कण्याच्या आतल्या बाजूचे मऊ मांसाचे पट्टे (टेंडरलॉइन) आणलेच पाहिजेत असा इथला कायदा आहे. कायदा नसता तरी मी दुसरं काही केलं नसतं. आपण मारलेल्या जनावराचं मांस आपल्या ढिलाईने जंगलात सडलं, तर ते मला आयुष्यभर सलत राहील. वाइल्डरनेस क्षेत्रात, म्हणजे कायद्याने जसंच्या तसं राखलेल्या रानात, मोटर सोडाच, चाकाची हातगाडीसुद्धा चालत नाही. सगळं पाठीवरच येणार.

हाताशी पंधराशे डॉलर आहेत. त्यात नवी सॅक, बूट, स्लीपिंग बॅग, खालची मॅट आणि शेगडी, सगळंच उत्तम येणार नाही. कशावर पैसे ओतावेत, कुठे हात आखडावा? जे खरोखर या थंडीत राहून आलेत त्यांनी सांगावं. दुकानातल्या लोकांचं ऐकून झालंय.

प्रतिसाद : रानवाट, ग्रँड जंक्शन

अभिनंदन! सोडतीत पहिला हंगाम लागला हे छान झालं.

सगळ्यात आधी सॅक. साधी ट्रेकिंगची सॅक वीस किलोच्या वर गेली की खांद्यांतून ओढायला लागते. आत ताठ फ्रेम असलेली, आणि फ्रेम व पिशवी यांच्यामध्ये मांस दाबून बांधता येईल अशी घ्या. वजन पाठीला चिकटून राहिलं पाहिजे. घेण्याआधी भारतीय दुकानातून वीस पौंडी तांदळाची तीन पोती आणा, सॅकमध्ये घाला आणि दोन तास चढ चढा. कमरेचा पट्टा सरकला तर परत करा. एका माणसाने एका वेळी पंचवीस-तीस किलोच उचलावं. म्हणजे दोघांना निदान दोन फेऱ्या धरा, तंबू-सामान वेगळं. गुडघ्यांची काळजी असेल तर घोडे-खेचरं घेऊन मांस उतरवून देणारे लोक या भागात आहेत. त्यांच्याशी जाण्यापूर्वीच बोलून ठेवा, आयत्या वेळी कोणी मिळत नाही.

मांसाच्या पिशव्यांत कंजुषी नको. हवा खेळणाऱ्या, पातळ कापडाच्या, किमान पाच. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. मांस सडतं ते थंडी कमी पडल्याने नाही, तर आतली ऊब बाहेर न गेल्याने. कातडं लगेच काढा, मागच्या मांडीच्या हाडाजवळचा भाग आधी मोकळा करा आणि सावलीत, वारा लागेल असं टांगा.

एक गोष्ट नवखे हमखास विसरतात. कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. सॅक चढवली की पाठीवरचा रंग झाकला जातो. सॅकवर वेगळं नारिंगी फडकं बांधा, विशेषतः मांस घेऊन येताना.

प्रतिसाद : सांगाती

मी शिकार करत नाही, पण हिवाळ्यात लडाखला बऱ्याचदा राहिले आहे, त्यामुळे झोपेबद्दल सांगू शकते.

दादा, तुमची बॅग बहुधा खोटी नव्हती. पिशवीवर ठळक लिहिलेला आकडा बऱ्याचदा ‘लोअर लिमिट’चा असतो, म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र निघेल तो. आत लेबलवर ‘कम्फर्ट’ म्हणून दुसरा आकडा असतो, तो पाहा. आणि मॅट कोणती होती? थंडी जमिनीतून जास्त खाते. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, लिहिलेली असते आणि दोन मॅट एकावर एक घातल्या की त्यांची बेरीज होते. खाली साधी फोमची, वर हवेची, मिळून सहाच्या आसपास आलं की पुरे. फुगवायची फुटली तरी फोम उरतोच, त्यामुळे मी ती कधीच घरी ठेवत नाही.

गॅसचं कारण सोपं आहे. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास थांबतं. गॅसचा डबा रात्री बॅगेत उशाशी घेऊन झोपा, किंवा पंपाची पांढऱ्या पेट्रोलची शेगडी घ्या. तितक्या उंचीवर पाणी ९० अंशांनाच उकळतं. तूरडाळ शिजवायच्या फंदात पडू नका. भाजलेलं पिठलं, मेतकूट, सुके पोहे असं नुसत्या गरम पाण्याने होणारं न्या.

पाण्याचा फिल्टरही अंगाशी घेऊन झोपा. आतल्या नळ्या एकदा गोठल्या की फाटतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. पाणी येत राहतं, पण गाळलं जात नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. लेबल काढून पाहिलं. ‘कम्फर्ट’ उणे १ निघालं, आणि मॅटची आर-व्हॅल्यू फक्त दोन होती. म्हणजे चूक माझीच.

आता असं ठरवलंय. सर्वांत जास्त पैसे सॅक आणि बुटांवर. बूट शिवलेल्या तळाचे, अर्धा नंबर मोठे, आणि आत्तापासूनच रोज घालणार. नवी बॅग घेत नाही. मित्राकडे हिवाळ्याची जुनी सिंथेटिक बॅग आहे, जड आहे पण ओली झाली तरी ऊब देते. फोमची मॅट आणतो. बायकोची एकच अट होती, रोज रात्री ‘ठीक आहे’ एवढा तरी निरोप यायला हवा. त्यामुळे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घेणारच, त्यावर वाद नाही. खेचरवाल्याशी उद्या बोलतो.

शनिवारी तांदळाची तीन पोती घेऊन लुकआउट माउंटन चढतोय. पट्टा कसा बसला ते इथेच लिहितो.