मामासाठी भेट: वॉटर्स बाहेर पडल्यानंतरचं पिंक फ्लॉइड, कोणती एलपी घेऊ? (बजेट ४०००)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. माझा मामा पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. त्यानं हौसेनं रेकॉर्ड प्लेयर घेतलाय. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे 'डार्क साइड'पासून 'द वॉल'पर्यंतचे सगळे अल्बम त्याला तोंडपाठ, पण १९८५ साली बहुतेक गीतं लिहिणारा रॉजर वॉटर्स बाहेर पडला तिथे त्याचं फ्लॉइड ऐकणं संपलं. पुढचं त्यानं ऐकलेलंच नाही. गिटारवादक डेव्हिड गिल्मोरच्या हाती बँड आल्यानंतरचं काहीतरी द्यायचंय. बँडचं चालेल, गिल्मोरचं एकट्याचंही चालेल. मामा स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवतो. बजेट कुरिअर धरून ४०००. काय घेऊ?

लाल_स्ट्रॅट:
'द डिव्हिजन बेल' (१९९४). दुसरा विचारच करू नकोस. त्यातला 'मरूंड' ऐक. व्हॅमी पेडलवर (गिटारचा सूर पायानं वरखाली करणारं यंत्र) पाय ठेवून गिल्मोर सूर असा वर चढवतो की अंगावर काटा येतो. फ्लॉइडला ग्रॅमी मिळालं ते याच तुकड्याला, शब्द एकही नाही. मात्र २०१४ची दोन रेकॉर्ड्सची आवृत्ती घे. १९९४ची मूळ एलपी एकाच रेकॉर्डवर बसवायची म्हणून गाणी कापली होती.

ठाणेकर_७४:
'पल्स' या लाइव्ह अल्बमचा चार एलपींचा संच घे. बजेटच्या बाहेर जातो, पण निवृत्ती एकदाच होते. १९९४च्या युरोप दौऱ्यातल्या कार्यक्रमांतून निवडलंय, लंडनच्या अर्ल्स कोर्टचेही त्यात आहेत, आणि 'डार्क साइड' सबंध आहे. माझ्याकडे १९९५ची सीडी आहे, खोक्याच्या कडेला लाल दिवा लुकलुकतो तीच. सेल बदलत असतो, दिवा अजून चालू आहे. आमच्या सोसायटीत तरी दुसऱ्या कुणाकडे नाही.

गोदाकाठ:
@ठाणेकर_७४, संच सुंदरच आहे, पण ४०००च्या पुढे खरंच नाही जमणार.

रानवारा:
मग 'द लेटर इयर्स'चा मोठा संच बघ, २०१९चा. सीडी, ब्लू-रे, डीव्हीडी, १९८९ साली व्हेनिसच्या पाण्यावर तराफा बांधून केलेला कार्यक्रम, सगळं त्यात आहे. फक्त परदेशातून मागवू नकोस. मी एक एलपी तशी मागवली. वर कस्टम ड्युटी भरली आणि रेकॉर्ड निघाली वाकडी. सुई लाटेवर चढल्यासारखी वरखाली होते. विक्रेत्यानं दाद दिली नाही. तेव्हापासून मी दुकानात जाऊन, रेकॉर्ड उजेडात आडवी धरून बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

कोकणकडा:
वॉटर्स नाही तर फ्लॉइड नाही. मामांचं बरोबर आहे. २००७ साली वॉटर्स मुंबईत आला तेव्हा मी मैदानात होतो, 'डार्क साइड' अख्खं वाजवलं. तो अनुभव कुठल्याही एलपीत नाही. गिल्मोरकडे सूर होता, पण सांगायला काही उरलं नव्हतं.

लाल_स्ट्रॅट:
@कोकणकडा, 'डिव्हिजन बेल'मधलं 'हाय होप्स' शांतपणे ऐक आणि मग बोल. शेवटचा स्लाइड गिटारचा तुकडा जे सांगतो त्याला शब्द लागत नाहीत. पॉली सॅमसननं या अल्बमची बरीचशी गीतं गिल्मोरबरोबर लिहिली, तिला तुम्ही लोक कधीच श्रेय देत नाही.

तारकरी:
गिटारवाल्यांसाठी एक: या काळातला आवाज गिल्मोरच्या काळ्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारचा नाही, लाल स्ट्रॅटचा आहे. तिला ईएमजी कंपनीचे पिकअप (तारांचा आवाज उचलणारे भाग), खरखर नाही. काळी नंतर परत आली, २००५च्या लाइव्ह ८ मैफलीला हीच होती. २०१९ साली ख्रिस्टीजच्या न्यूयॉर्कमधल्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली आणि सगळ्या संग्रहाचे पैसे गिल्मोरनं पर्यावरणासाठी लढणाऱ्या क्लायंटअर्थ संस्थेला दिले. एवढी गिटार सोडून द्यायला मन मोठं लागतं.

ठाणेकर_७४:
काळीच्या जाड, उबदार आवाजाला लाल पुरी पडत नाही.

तारकरी:
'पल्स'वर लालच आहे साहेब. तुमच्याच सीडीवर.

निळूफुले_नव्हे:
'डिव्हिजन बेल'. वर सांगितलंच आहे, माझंही तेच मत. +१.

पेठेतला:
'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रिझन'ची नवी आवृत्ती घ्या. १९८७च्या मूळ अल्बमवर भाड्याचे वादक आणि ड्रम मशीन फार, त्या काळाचा प्लास्टिकसारखा आवाज होता. नव्या मिश्रणात निक मेसननं ड्रम पुन्हा वाजवले आणि रिचर्ड राइटचा कीबोर्ड जागोजागी परत आणलाय. पण त्या दोन एलपी ४५च्या वेगावर (मिनिटाला ४५ फेऱ्या) कापल्यात. मामांच्या प्लेयरला ४५ आहे ना?

गोदाकाठ:
३३ आणि ४५ दोन्ही आहेत. 'द एंडलेस रिव्हर'बद्दल कुणीच बोललं नाही? दुकानात बजेटमध्ये दिसली.

लाल_स्ट्रॅट:
नको. १९९३-९४च्या सत्रांतलं उरलंसुरलं जोडून २०१४ला काढलं. गाणं एकच, बाकी नुसते तुकडे.

कोकणकडा:
इथे मात्र लाल_स्ट्रॅटशी सहमत.

रानवारा:
पैसे वाया जातील. लेटर इयर्सचा संच बघ, परत सांगतो.

सुरपेटी:
सगळे गिटारीवर बोलताय. मामा पेटी वाजवतात, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. त्यांना बांधून ठेवेल तो रिचर्ड राइट. 'द वॉल'च्या वेळी त्याला बँडबाहेर काढलं, दौऱ्यात पगारी वादक म्हणून वाजवलं. १९८७लाही पूर्ण सदस्य नव्हता. 'डिव्हिजन बेल'वर तो हक्कानं परत आला आणि 'वेअरिंग द इनसाइड आउट' स्वतः गायला. गिल्मोर लांब सूर ओढतो तेव्हा खाली जमीन राइटची असते. आपल्याकडे गायक श्वास घेतो तेवढ्यात पेटीवाला जागा भरून काढतो ना, ते काम तो करायचा. तो २००८च्या सप्टेंबरात गेला, त्याच महिन्यात 'लाइव्ह इन ग्दान्स्क' आलं. पोलंडच्या बंदरातल्या या कार्यक्रमात 'एकोज'मध्ये दोघांचा संवाद आहे. माझं मत त्याला. नाहीतर गिल्मोरचं २०२४चं 'लक अँड स्ट्रेंज': शीर्षकगीत २००७ साली राइटबरोबर वाजवलेल्या तुकड्यावर उभं केलंय.
'एंडलेस रिव्हर' अल्बम म्हणून सैलच आहे. पण त्यात 'ऑटम ६८' नावाचा छोटा तुकडा आहे, राइटनं १९६९ साली रॉयल अल्बर्ट हॉलच्या पाइप ऑर्गनवर वाजवलेला.

लाल_स्ट्रॅट:
ग्दान्स्कची एलपी बजेटमध्ये मिळायची नाही. डिव्हिजन बेल घे.

गोदाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. 'एंडलेस रिव्हर' घेतली. ४०००च्या आत बसली. @रानवारा, रेकॉर्ड उजेडात आडवी धरून बघितली, सरळ आहे. तुम्ही सगळे नको म्हणालात, पण ज्यावर बोलणं कमी आणि कीबोर्ड जास्त, तेच मामाला हवं असणार. तो भजन संपल्यावरही एकटाच पेटी छेडत बसतो, शब्दांची त्याला गरज पडत नाही. आणि हा अल्बम गिल्मोर आणि मेसननं राइटची आठवण म्हणून पुरा केला, हे वाचल्यावर दुसरं काही घ्यावंसं वाटेना.

सुरपेटी:
मग दुसऱ्या रेकॉर्डची पहिली बाजू आधी लाव, ऑर्गन तिथे आहे. आवाज जरा मोठा ठेव.

लाल_स्ट्रॅट:
पुढच्या वाढदिवसाला डिव्हिजन बेल. २०१४ची, दोन रेकॉर्ड्सची.