मालक शॉपवर नसताना सवयी टिकवायच्या कशा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) जॉबवर्कचं शॉप आहे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून देतो. शाफ्ट, बुश, फ्लँज असा माल. दहा-बारा जण होतो तोवर 'कंपनी कल्चर' हा शब्द कुणाच्या तोंडीही नव्हता. आता साठाच्या आसपास आहोत, दोन पाळ्या चालतात, चाकणला दुसरं युनिट सुरू होतंय.

आमच्याकडे एक न लिहिलेला नियम होता. माप हललं की मशीन थांबवायचं, सेटरला (मशीन लावून देणाऱ्याला) नाहीतर मला हाक मारायची, खराब नग लाल डब्यात टाकायचा. कुणी ओरडणार नाही. मी दिवसभर शॉपवरच असायचो, त्यामुळे नवा मुलगा बघून बघूनच शिकायचा. आता दुसऱ्या पाळीत लाल डबा रिकामा असतो आणि रिजेक्शन ग्राहकाच्या गेटवर कळतं. मध्यंतरी एक अख्खा लॉट परत आला. त्या पाळीतला मुलगा म्हणाला, "साहेब, दाखवलं असतं तर नग कमी भरले असते." (पूर्वी सगळे दादा म्हणायचे. साहेब कधी झालो देव जाणे.)

सल्लागाराच्या सांगण्यावरून मूल्यांची फ्रेम भिंतीवर लावली आहे. ऑडिटरला आवडते, बाकी कुणी वाचत नाही.

आजोळ सांगलीकडचं, म्हणून किर्लोस्करवाडीच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्यात. लक्ष्मणरावांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासोबत गावच वसवलं, कामगार तिथंच राहिले. माझी माणसं मोशी, चिखली, आळंदी अशी पांगलेली, निम्मी परराज्यातली. तो रस्ता माझ्यासाठी नाही.

टोयोटाच्या दोरीबद्दलही वाचलंय. अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. दोरी मीही बांधेन हो, पण रात्री अकराला धावत येणारा माणूस कुठून आणू?

तर विचारायचं असं, की जुनी मुरलेली माणसं चाकणला पाठवायची की इथंच ठेवायची? सुपरवायझर नेमताना नक्की काय बघता? आणि यातलं कागदावर किती आणायचं? पन्नासच्या पुढे गेलेल्यांनी कृपया सांगा. पुस्तकांची नावं नकोत.

प्रतिसाद १
दादा (मी तरी दादाच म्हणणार), आधी सांगा, दुसऱ्या पाळीचा इन्सेंटिव्ह कशावर आहे? भरलेल्या नगांवर असेल तर मुलगा हिशेबाने वागतोय, त्याला दोष देऊ नका. आम्ही तो तपासणीत पास झालेल्या नगांवर आणला आणि स्वतःहून दाखवलेल्या खराब नगाचे पैसे कापणं बंद केलं. सुरुवातीला रिजेक्शनचा आकडा वाढला. घाबरू नका, तो आधीही तेवढाच होता, फक्त दिसत नव्हता.

प्रतिसाद २
सुपरवायझर निवडताना सर्वात जास्त उत्पादन काढणाऱ्याला बढती देऊ नका. ज्याच्याकडे पोरं बिनधास्त चूक घेऊन जातात तो शोधा, चहाच्या वेळी उभं राहिलं की कळतो. जुन्यांपैकी दोघं-तिघं चाकणला पाठवा, पण एकेकटं नको. एकटा माणूस नव्या गर्दीत दोन महिन्यांत त्यांच्यासारखाच होतो. पाळी बदलताना दोन्ही सेटर मशीनपाशी एकत्र उभे राहून शेवटचा नग मोजू देत, त्या वेळेचे पैसेही द्या.

जाता जाता, तपासणी विभागात महिला असतील-नसतील, दहा किंवा अधिक कर्मचारी म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच. साठपर्यंत आलात, ती आहे ना?

धागाकर्ता
समिती आहे, पण कागदावरच. हे बघतो. इन्सेंटिव्ह भरलेल्या नगांवरच आहे. तो बदलला तर पहिल्या महिन्यात पोरांच्या हातात कमी पैसे पडतील आणि शेजारच्या शॉपला माणसं हवीच आहेत. तेवढा काळ जुन्या सरासरीइतकी रक्कम बांधून दिली होती का तुम्ही?