पांबनचा जुना पूल म्हणे लोढणं!

खारावारा: "नवा पूल बटणावर उघडतो, इंग्रजांचं जुनं लोढणं भंगारात काढा" अशी रामेश्वरला जोडणाऱ्या पांबनच्या रेल्वेपुलाबद्दल पोस्ट सकाळपासून फिरतेय. डोकंच सटकलं. ते 'लोढणं' १९१४ पासून २०२२ पर्यंत समुद्रात उभं राहून गाड्या नेत होतं. १९८८ ला रस्त्याचा पूल झाला, तोवर रामेश्वरला जायला दुसरी वाट होती का? १९६४ च्या वादळात धनुष्कोडी गाव गेलं, अख्खी पॅसेंजर माणसांसकट गेली, बहुतेक गर्डर वाहून गेले. जहाजांना वाट द्यायला उघडणारा, शेर्झर पद्धतीचा गाळा मात्र टिकला.

पान्हा_बारा: टिकला, मान्य. पण जहाज आलं की दोन्हीकडे माणसं दांडे रेटत गोल फिरणार, मग ती दोन पाती वर! नव्याचा ७२.५ मीटरचा अखंड गाळा सरळ १७ मीटर वर जातो. मनोऱ्यांत प्रतिभार, म्हणजे गाळ्याचा तोल सांभाळणारी वजनं टांगलीत, मोटारीला फारसं ओढावं लागत नाही.

खारावारा: प्रतिभार जुन्यातही होतेच. नाहीतर एवढं लोखंड माणसांच्या हातांनी हललं असतं?

माईआजी: आम्ही काशीची गंगा घेऊन गेलो होतो. गाडी मुंगीच्या पावलानं. पुलाला कठडा नाही, खिडकीतून खाली नुसतं पाणी. ह्यांनी गडू दोन्ही हातांनी धरलेला, मी डोळे मिटलेले.

नाक्यावरचा: वादळानंतर रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरननी तो पूल ४६ दिवसांत उभा केला. वाहून गेलेले गर्डर समुद्रातून काढून! आमच्या नाक्यावरचा उड्डाणपूल बघा, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून पत्रेच लागलेत.

चाकरमानी: श्रीधरन म्हणता, तर कोकण रेल्वेही त्यांचीच. मग एकेरी का ठेवली? गणपतीत क्रॉसिंगला ताटकळायचं आम्ही.

नाक्यावरचा: बाँड काढून पैसे उभे केले होते हो! दुहेरी करत बसले असते तर १९९८ ला गाडी धावली असती का? अजून एसटीनंच गेला असतात.

चाकरमानी: एसटीला नावं ठेवू नका. तीच वेळेला उभी राहते.

पान्हा_बारा: विषय पांबन आहे!!

खारावारा: बरं, पांबन. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी नव्या पुलावर आत्ताच गंज दिसतोय म्हणून शेरा मारला. परवानगी दिली ती ताशी ७५ किलोमीटरची, उचलत्या गाळ्यावर तर ५० च. बटणवाल्यांनी हेही शेअर करावं.

पान्हा_बारा: ५० तरी आहे, जुन्यावर रांगत होता. असो, तो शेर्झर गाळा तेवढा जपा, माझी हरकत नाही. उरलेले दोन किलोमीटर गर्डर हवे तर तुमच्या अंगणात ठेवा.

चाकरमानी: कोकण रेल्वेचं रोहा ते वीर दुहेरी झालं. वीरच्या पुढे कधी, ते कोणीच सांगत नाही.