इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स का केलंत? – अनुभव धागा

शाळेत असताना 'मी इंडस्ट्रियल इंजिनिअर होणार' म्हणणारं मूल मी तरी पाहिलेलं नाही. माणसं, मशीन आणि माल यांचं काम कसं आखावं याचा हा अभ्यास, त्याकडे माणूस बहुधा उशिरा वळतो, कुठेतरी काम करताना काहीतरी खटकल्यावर. ते खटकणं नेमकं काय होतं, हे ऐकायला वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या मंडळींना मुद्दाम बोलावलंय. पगार किंवा पद हे कारण असेल तर तेही मोकळेपणाने लिहा. सुरुवात मीच करते.

मी मूळची मेकॅनिकलची. प्रेस शॉपमध्ये प्रॉडक्शन बघत होते. डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलण्यात निम्मी शिफ्ट जायची, म्हणून एकदा डाय चढवली की लागोत न लागोत, ढीगभर नग काढून ठेवायचे अशी रीत पडली होती. ते नग रॅकवर गंजत पडायचे आणि असेंब्लीला आज हवा असलेला नग नेमका नसायचा. एका शिफ्टला मी डाय बदलताना शेजारी उभी राहून नुसतं पाहत राहिले. बोल्ट शोधणं, क्रेन मोकळी व्हायची वाट पाहणं, उंची जुळवायच्या पट्ट्यांसाठी स्टोअरला फेरी, तिथला माणूस जागेवर नाही म्हणून पुन्हा फेरी. जुनी डाय उतरवून नवी बसवण्याचं खरं काम त्यात जेमतेम होतं. बाकीचं सगळं प्रेस चालू असतानाच उरकता आलं असतं.

पुढे शिगेओ शिंगो यांच्याबद्दल वाचलं. टोयोटात १००० टनी प्रेसच्या डाय बदलाला ४ तास लागत. १९६९ च्या सुमारास त्यांनी तो वेळ आधी ९० मिनिटांवर आणि मग ३ मिनिटांवर आणला. कुठलं काम मशीन थांबवूनच करावं लागतं आणि कुठलं आधी करून ठेवता येतं, ही फोड हेच त्यांचं मुख्य हत्यार. पट्ट्या मशीनजवळ ठेवायला पदवी लागत नाही, ते आम्ही करून टाकलं. पण बदलाचा वेळ खाली आला की बॅच किती लहान करायची, हे कुणालाच सांगता येईना. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेल्या सूत्राप्रमाणे, बदलाचा खर्च पाव झाला तर किफायतशीर बॅच निम्मी होते. म्हणजे बॅच खर्चाच्या वर्गमूळाप्रमाणे बदलते; हे वर्गमूळ कुठून येतं, आणि एकाच प्रेसवर अनेक प्रकारचे नग असतील तर ते कसं बिघडतं, हे नीट शिकायचं म्हणून मी नोकरी सोडून मास्टर्सला गेले.

• • •

मी बायोमेडिकल शाखेचा. एका मोठ्या रुग्णालयात उपकरणांची देखभाल करत होतो. एमआरआय मशीन महागडं, म्हणून ते क्षणभरही रिकामं राहता कामा नये असा व्यवस्थापनाचा आग्रह. तसं वेळापत्रक आखलं आणि रुग्णांना तारखा आणखी उशिराच्या मिळू लागल्या. बैठकीत बोलणी खाल्ली ती तंत्रज्ञांनी. मी त्यांच्याबरोबर रोज काम करत होतो, ही माणसं ढिलाई करत नव्हती. मला ते फार लागलं.

उत्तर रांगांच्या गणितात मिळालं. डेन्मार्कमध्ये टेलिफोन एक्स्चेंजचा अभ्यास करताना एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्याची सुरुवात केली होती. एक खिडकी, लोक यायला ठराविक वेळ नाही, प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त, असं साधं मॉडेल घ्या. खिडकी ८० टक्के वेळ व्यग्र असेल तर तिथे सरासरी ४ जण असतात. ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांसाठी गर्दी दुपटीहून जास्त! हे आकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर होतो. 'वापर वाढवा' आणि 'प्रतीक्षा कमी करा' हे दोन्ही हुकूम एकाच बैठकीत सुटत होते, आणि ते एकमेकांच्या मुळावर उठले होते.

प्रबंधही मी त्यावरच केला. तातडीच्या रुग्णांसाठी किती वेळ राखून ठेवावा, याचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल. वेळा मोकळ्या सोडल्या म्हणजे पैसा वाया गेला, ही समजूत आजही घट्ट आहे. ती आकडे दाखवून मोडता येते, म्हणून मी या विषयात आहे.

• • •

माझं कारण एका ओळीचं आहे: पदोन्नती. मास्टर्सशिवाय वरची जागा मिळत नव्हती, म्हणून नोकरी सांभाळून संध्याकाळचे वर्ग केले. जागा मिळाली. हे कारण हलकं समजू नका, घर चालवणाऱ्या माणसाला ते पुरेसं असतं. शिकलेल्यातलं सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते शूहार्ट यांचं १९२४ मधलं कंट्रोल चार्ट, म्हणजे मापातला फरक नेहमीचा की खरा बिघाड हे दाखवणारा आलेख. माप जरा इकडे तिकडे झालं की मशीन पुन्हा सेट करायची आमच्या लाइनवर सवय होती, आणि त्या सारख्या सारख्या सेटिंगनेच मापं जास्त भरकटत होती. हात कधी लावायचा नाही, हे चार्टमुळे कळायला लागलं.

• • •

मी शुद्ध गणितातून आले. रेषीय प्रोग्रामिंग, म्हणजे मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त फायदा काढण्याचं गणित, शिकताना ते सोडवायची डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत माहीत होती, १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी तिला घाम फोडणारं, प्रचंड पायऱ्या लावणारं उदाहरण रचलं तेही माहीत होतं. प्रत्यक्षात मात्र ती पद्धत झपाट्याने उत्तर देते. हे कसं, या कुतूहलापोटी आले आणि शॅडो प्राइसने मला इथे धरून ठेवलं. कारखान्यात सगळे आपापल्या मशीनसाठी भांडतात. शॅडो प्राइस सांगते की या मशीनचा एक तास वाढवलात तर नफ्यात इतकी भर पडेल आणि त्या मशीनचा वाढवलात तर शून्य. घोडं कुठे पेंड खातंय ते आकड्यात समोर येतं. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपोआप मिळणारं झुकतं माप तिथे संपतं, आणि हे मला मनापासून आवडतं.

• • •

वरचं सगळं मशीन आणि रांगांबद्दल झालं. मी माणसाच्या पाठीबद्दल लिहितो.

माझे वडील गोदामात माल चढवण्याचं काम करायचे. चाळिशीतच त्यांची पाठ गेली. 'वाकून उचलायचं नाही, गुडघ्यात वाकायचं' असं त्यांना सगळे सांगायचे, जणू दोष त्यांच्या सवयीचाच. एर्गोनॉमिक्सच्या (काम माणसाच्या शरीराला जुळवण्याच्या शास्त्राच्या) वर्गात उचलण्याचं समीकरण शिकवलं त्या दिवशी मी घरी फोन केला होता. अमेरिकेच्या नायोश या संस्थेचं ते समीकरण. परिस्थिती अगदी आदर्श असेल तर शिफारस २३ किलोपर्यंतची. मग एकेक गोष्ट त्यातून कापत जाते: खोकं अंगापासून किती लांब, किती खालून उचलायचं, अंग किती वळवावं लागतं, मिनिटाला किती वेळा, पकडायला जागा आहे का. नुसतं अंतर २५ सेंटिमीटरवरून ५० वर गेलं की मर्यादा थेट अर्धी, साडेअकरा किलो. वडिलांच्या गोदामात खोल पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी फळीच्या) मागच्या रांगेतली खोकी हात लांबवूनच काढावी लागत. त्या जागी गुडघ्यात वाकून काय होणार होतं? पॅलेटभोवती फिरायला वाट ठेवली असती किंवा फिरता पाट बसवला असता तर फरक पडला असता.

आमच्या विषयाचं नाव काढलं की कामगाराच्या पोटात गोळा येतो, आता कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन मागे उभं राहणार म्हणून. कामाचा वेळ घड्याळ लावून मोजणाऱ्या टेलर यांच्यापासूनचा तो इतिहास आहे आणि ती भीती खरी आहे. पण याच विषयात लिलियन गिलब्रेथ होत्या. त्यांनी १९१५ मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि थकवा हा अभ्यासाचा विषय केला. मी त्यांच्या बाजूने या क्षेत्रात आलोय. आता पीएचडी करतोय, विषय गोदामातलं पिकिंगच, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढणं.

• • •

मी शिकवते, आणि प्रवेशाचे अर्ज वाचते. 'कार्यक्षमता वाढवण्याची आवड' हे वाक्य इतक्या अर्जांत असतं की त्यावरून माणूस ओळखता येत नाही. इथल्या अनुभवांत डाय आहे, एमआरआयची तारीख आहे, पॅलेटची मागची रांग आहे. अर्जात तेच लिहा.

ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांनी आधी एक करून पाहावं. जवळचं कुठलंही काम घ्या, समजा एखाद्या कार्यालयातल्या फायली. आत एकूण ६०० पडून आहेत आणि रोज ४० निकाली निघतात, तर एका फायलीला सरासरी १५ दिवस लागायला हवेत. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इतका साधा आहे. मग काही फायलींवरच्या आवक-जावक तारखा खरंच तपासा. बहुतेकदा आकडा जुळत नाही. काही फायली मोजल्याच गेलेल्या नसतात, काही परत येऊन नव्या म्हणून नोंदल्या जातात, काही कुणाच्या तरी खणात असतात. तो फरक कुठून आला हे शोधायला उद्या पुन्हा तिथे जावंसं वाटलं, तर अर्ज भरा. फायली कुणाच्या टेबलावर अडल्या आणि त्या माणसाला कसं हलवायचं, याचंच कुतूहल जास्त वाटलं, तर एमबीएचा विचार करा, तोही चांगला रस्ता आहे. आणि दोन्हींसाठी संभाव्यताशास्त्र आधी पक्कं करून या. पहिल्या सत्रात मुलं अडतात ती तिथेच.