जुन्या अल्टोचा पुढचा बंपर घरी काढायचाय, कोपऱ्यातून निघतच नाहीये

घाटवळण (चिपळूण)
नमस्कार मंडळी. २००७ ची अल्टो आहे, बाबांनी घेतलेली, अजून रोज वापरात आहे. पंधरा दिवसांपूर्वी गेटमधून रिव्हर्स घेताना पुढचा डावा कोपरा चिऱ्याच्या खांबाला घासला आणि बंपर फेंडरपासून (चाकावरच्या पत्र्यापासून) बोटभर सुटलाय. गावात चालतं पण हायवेला साठच्या वर गेलं की फडफड सुरू होते, आई सोबत असली की तिचा जीव खालीवर होतो. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये रेडिएटरच्या कामासाठी बंपर काढला होता, तेव्हा प्लास्टिकच्या क्लिपा परत न लावता त्यांनी त्या कोपऱ्यात सरळ पत्र्याचा स्क्रू ठोकून दिला, तो आता गंजलाय आणि त्याच्याभोवती फेंडरचा रंग फुगलाय. म्हणून यावेळी स्वतःच करायचं ठरवलंय. एक सोडून वरचे, खालचे सगळे बोल्ट काढले तरी कोपरे हलत नाहीत, त्या खालच्या एका बोल्टचं डोकं झिजायला लागलंय म्हणून तो तसाच ठेवलाय. ओढू का जोरात?

गोटीपाना
दादा थांबा, ओढू नका!! निघत नाही म्हणजे कुठेतरी एखादा स्क्रू राहिलाय. बहुतेक वेळा तो चाकाच्या वरच्या भागात असतो, आतलं प्लास्टिकचं मडगार्ड जिथे बंपरच्या टोकाला भिडतं तिथे. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा म्हणजे डाव्या चाकाच्या पुढे हात घालायला जागा होते, मोबाईलची बॅटरी लावून बघा, मातीने भरलेला असतो म्हणून दिसत नाही, आधी जुन्या ब्रशने माती काढा. तो निघाला की बंपरचं टोक पुढे नाही ओढायचं, बाजूला, म्हणजे स्वतःच्या अंगाकडे ओढायचं, कारण फेंडरखाली एक छोटा प्लास्टिकचा ब्रॅकेट असतो आणि बंपर त्याच्या दातांत अडकलेला असतो. पुढे ओढला की दात तुटतात आणि मग कितीही बोल्ट आवळा, फट राहणारच. तुमचा तो ब्रॅकेट आधीच तुटलेला असणार असं मला वाटतं, म्हणूनच त्या लोकांनी स्क्रू मारला असेल. तो नवीन घ्या, बंपरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो आणि सगळी फिटिंग त्याच्यावरच अवलंबून आहे.
क्लिपांचं पण सांगतो. काहींची मधली पिन आत दाबायची असते, टक् झालं की क्लिप सुटते, काहींची पिन स्क्रू ड्रायव्हरने वर उचलायची. आत दाबायची असेल तर बसवताना पिन आधी बाहेर ढकला, क्लिप भोकात घाला, मग पिन सपाट होईपर्यंत दाबा. आणि काढायच्या आधी फेंडरच्या कडेला मास्किंग टेप लावा, नाहीतर रंगावर ओरखडा पडलाच म्हणून समजा.

खारावारा (मालवण)
झिजलेल्या बोल्टला उघडा पाना लावू नका, सहा कोनांची दहा एमएमची गोटी (टोपीसारखा बसणारा सॉकेट पाना) लावा, ती डोक्याला सगळीकडून धरते. आमच्याकडे खाऱ्या हवेत हे रोजचंच आहे. तारेच्या ब्रशने गंज काढा, गंज सोडवायचा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. मग आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या, असं पुढेमागे करत काढा. दहाचा पाना लागतो म्हणजे तो बोल्ट फक्त सहा एमएम जाडीचा, लांब दांडा लावून जोर केलात तर मोडून आत राहील. बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, पुढच्या वेळी तुम्हीच स्वतःला दुवा द्याल.

पांढरीझेन
एवढं करण्यापेक्षा पुढे लोखंडी गार्ड टाका ना, खांब लागला तरी काही होणार नाही.

गोटीपाना
नको हो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलंय. आणि गार्ड थेट चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बसतो, धडक बसली तर मार आत जातो, समोर माणूस असेल तर त्याला लोखंड लागतं. प्लास्टिकचा कोपरा तुटला तर बदलता येतो.

नानापेठवाला (पुणे)
बंपरला तडा असेल तर मागून एपॉक्सी पुट्टी लावू नका, निघून येईल. आतल्या बाजूला पीपी (पॉलीप्रॉपिलीन) असं कोरलेलं दिसेल, त्या प्लास्टिकला गोंद, पुट्टी काही धरत नाही, प्लास्टिक वेल्डिंग करून घ्या. रंग द्यायचा तर आधी प्लास्टिक प्रायमर, तो नसला की पहिल्या दोन-चार धुण्यांतच रंग सालीसारखा सुटतो. नुसता पोचा असेल तर उकळतं पाणी ओता आणि आतून हाताने ढकला, जाड हातमोजे घालून.

घाटवळण (चिपळूण)
झालं काम! स्क्रू चाकाच्या आतच होता, मातीखाली, गोटीपाना काका म्हणाले तसाच. डावा ब्रॅकेट काढला तर तीन दात उडालेले. नवीन मिळायला चार दिवस गेले. बसवताना धाकट्या भावाने एक टोक धरलं, आधी दोन्ही कोपरे ब्रॅकेटमध्ये दाबले, मग वरचे बोल्ट नुसते हाताने फिरवले, बॉनेट बंद करून फट बघितली, डावीकडे जास्त होती म्हणून थोडा सरकवला आणि मगच आवळले. काल खेडपर्यंत जाऊन आलो, आवाज बंद, आई वाटेत झोपली होती. जुन्या स्क्रूच्या भोकाजवळचा गंज घासून तूर्तास रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) मारलाय, रंगाचं दिवाळीनंतर बघतो.