निवडणूक-अभ्यासकांनी तापलेल्या वादात आकडे टाकावेत का? (आकडेमोड, काठावरचा आणि फॉर्म वीस ही चर्चेतल्या तिघांची टोपणनावं.)

आकडेमोड: ऑगस्ट २०२५ मध्ये मतचोरीचा, म्हणजे मतदारयाद्यांत फेरफार झाल्याच्या आरोपांचा, वाद ऐन भरात असताना सीएसडीएस या निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे संजय कुमार यांनी एक्सवर महाराष्ट्राचे आकडे टाकले. २०२४च्या लोकसभेला रामटेक विधानसभा क्षेत्रात ४,६६,२०३ मतदार, विधानसभेला २,८६,९३१. देवळालीतही तशीच घट. दोन दिवसांत पोस्ट काढून माफी मागितली. ओळ चुकीची वाचली गेली, हे कारण.

माझ्या मते अभ्यासकांनी चालू वादात ताजे आकडे घेऊन उतरूच नये. संस्थेची पत बघून लोक डोळे झाकून पुढे ढकलतात. अहो, १ लाख ७९ हजार नावं! एका केंद्रावर दीड हजार धरले तरी १२० केंद्रं ओस पडायला हवीत. तेही एप्रिल ते नोव्हेंबरात? रामटेकात बोंब उठली असती.

काठावरचा: साफ असहमत. लोकसभा ते विधानसभा राज्यात सुमारे ४० लाख मतदार वाढले, म्हणजे मतदारसंघामागे सरासरी १४ हजार. ही वाढ कुठे झाली, कुठे नाही, हे जाणकारांनी नाही तर कोणी फोडून सांगायचं? पक्षांच्या आयटी सेलनी? मतदारसंघाचं नाव आणि पूर्ण आकडा दिला होता, म्हणूनच चूक लगेच पकडता आली. गोलगोल लेख लिहिला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

आणि परिणाम बघा. नागपूर, नाशिकला गुन्हे दाखल झाले, सर्वोच्च न्यायालयाला कारवाई थांबवावी लागली. तक्ता चुकला म्हणून फौजदारी लागणार असेल तर उद्या कोण लिहील?

आकडेमोड: गुन्हा नोंदवणं चूकच, त्यावर वाद नाही. पण आधी बेरीज जुळवली असती तर ही वेळच आली नसती. २८८ ओळींची बेरीज राज्याच्या एकूण आकड्याशी ताडायला किती वेळ लागतो?

फॉर्म वीस: बेरजेने ही चूक सापडणार नाही. ४.६६ लाख हा कामठीच्या घरातला आकडा आहे. कामठीचा मतदारसंघ क्रमांक ५८, रामटेकचा ५९. देवळालीचा (१२६) आकडाही वरच्या ओळीतल्या नाशिक पश्चिमचा (१२५) वाटतो. म्हणजे लोकसभेचा रकाना एक ओळ खाली सरकला. रकाना सरकला तरी बेरीज जवळपास तीच राहते! उलट कुमार यांच्याच दुसऱ्या पोस्टमधली नाशिक पश्चिमची ४७ टक्के वाढही याच घसरणीतून आलेली दिसते. घट-वाढ शेजारीशेजारी दिसली की आधी तक्त्यावर संशय घ्यायचा.

दोन तक्ते कधीही शेजारी चिकटवू नयेत. मतदारसंघ क्रमांकावरून व्हीलुकअप (एक्सेलमधलं, क्रमांक जुळवून आकडा आणणारं सूत्र) लावायचा. नावावरून नको, स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं असतं. मग १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडलेली प्रत्येक ओळ मूळ कागदाशी हाताने ताडायची.

काठावरचा: मूळ कागद कसा मिळतो तेही सांगा की. मतदारयाद्या चित्ररूप पीडीएफमध्ये, शोधता न येणाऱ्या. शोधता येतील अशा याद्या द्या ही मागणी २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

फॉर्म वीस: मुद्दा रास्त, पण इथे गैरलागू. मतदारसंघनिहाय एकूण संख्येला यादी लागतच नाही.

आकडेमोड: म्हणजे अर्ध्या तासाचं काम होतं. मग पोस्टची घाई कशाला? माझं म्हणणं कायम.